मावशीचा दोरा

माझी मावशी शिवणकाम करते आणि गप्प बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. त्यामुळे बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायला कुणी तरी हवंय, असं कळल्यावर ती हरखूनच गेली. माइकवर बोलायची तिची लहानपणापासूनची हौस. अट एकच, सगळे थांबे तोंडपाठ हवेत.

मावशी मशीनवर बसून घोकायला लागली. पायडलवर पाय पडला की तोंड सुरू, "जुना पूल, दवाखाना, टाकी, वखार..." काका कानात कापूस घालून जेवायचे. "झोपेतसुद्धा ही मला वखारीला उतरवते," असं मला सांगायचे.

मुलाखतीला मी सोबत गेले. साहेब म्हणाले, "म्हणा." मावशी उभी राहिली आणि तिची दातखीळच बसली.

"साहेब, बसून म्हटलं तर चालेल?" मी विचारलं.

मावशीने बसल्या बसल्या टेबलाखालच्या फळीवर पाय ठेवले आणि हाणायला सुरुवात केली. टेबल हलायला लागलं, साहेबांचा चहा बशीत उतरला आणि मावशी सुसाट सुटली. "जुना पूल, दवाखाना, टाकी, वखार, थांब गं दोरा तुटला, शाळा, बाजार..."

"दोरा तुटला? हा कुठला थांबा?" साहेबांनी विचारलं.

"वखारीनंतरचा," मावशी बेधडक म्हणाली आणि मग तिने जीभ चावली. पाठ करताना रोज तिथेच तिचा दोरा तुटायचा. बाईसाहेबांनी तोही पाठ केला होता.

"तो सोडून म्हणा."

मावशी वखारीपर्यंत आली आणि अडकली. दोऱ्याशिवाय शाळा काही येईना. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. साहेबांनी पुढच्या उमेदवाराला बोलवायला बेलकडे हात नेला. तेवढ्यात मावशीने ओठ मिटले, हवेतच दोरा ओला केला, सुई ओवली आणि शाळा, बाजार करत थेट शेवटच्या थांब्याला जाऊन पोचली. साहेब हसून हसून डोळे पुसत होते.

"उद्यापासून या," ते म्हणाले. मी तिथेच मावशीला मिठी मारली.

आता घोषणा संपल्याशिवाय गाडी हलत नाही आणि वखारीनंतर मावशी हमखास गप्प होते. उशिरा आलेले लोक त्याचीच वाट बघतात. "बाई सुई ओवतायत, पळा," म्हणत सगळे सुटतात. मीही पळते. काल माझ्यापुढे काका धावत होते, आणि त्यांच्या कानात कापूस नव्हता.