ताईच्या अंगणातली राखीव विहीर

विहीर-निरीक्षकाला गल्लीत निरीक्षक कोणीच म्हणत नसे. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की ‘झाकणसाहेब’. भूजल कार्यालयाने त्याच्याकडे विहिरींची प्रतवारी सोपवली होती. पाणी उपसतात ती ‘वापरात’. सध्या बंद, पण पुढे उघडता येईल ती ‘राखीव’. तिच्यावर लोखंडी झाकण हवं. कामातून गेलेली ती ‘बाद’. ती तळापासून भरून कायमची बुजवायची. राखीव विहीर आली की तो झाकणावर चढे, टाच आपटे, मान तिरकी करून कान देई आणि गंभीरपणे म्हणे, “पक्कं आहे.” गल्लीतली पोरं गटारांच्या झाकणांवर चढून हुबेहूब तशीच मान तिरकी करत. एकाला त्याने थांबवून सांगितलंही होतं, “टाच जरा जोरात मार, म्हणजे माझ्यासारखं होईल.”

अशा या माणसाची झोप उडवली ती शिंप्याने. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं नाकातून बाहेर पडायचं.

“म्हाहेब, इहिरीच्या म्हाण्याला म्हेस येतोय.”

“टाचण्या काढा आधी.”

शिंप्याने टाचण्या काढून उशीला टोचल्या. “फेस. बादलीत पाणी पडलं की साबण कालवल्यागत फेस. चहालाही वास येतो. सुनेचं पोट बिघडलंय ते थांबायचं नाव घेत नाही. तुम्ही तर आमची विहीर ‘वापरात’ लिहिलीत. वापरायची कशी, तेही लिहा की.”

निरीक्षकाने बादली भरून पाहिली आणि मान वळवून चढाकडे पाहिलं. शिंप्याच्या घराच्या वरच्या अंगाला धुलाई एकच होती, त्याच्या थोरल्या बहिणीची. आणि तिच्या अंगणात जुनी विहीरही एकच होती. तिला दरवर्षी ‘राखीव’ ठरवणारा तोच.

आई गेल्यावर ताईने लोकांच्या चादरी धुऊन त्याला शिकवलं होतं. ती गोष्ट ती बोलत नसे, पण विसरूही देत नसे. तो अंगणात शिरला तेव्हा ती घमेल्यात नीळ कालवत होती.

“आलास? बस, चहा टाकते.”

“आधी झाकण उघडतो.”

ताईचा हात निळीतच थांबला. “आजवर कधी उघडलं नाहीस ते?”

दरवर्षी त्याने टाच आपटली होती, ‘पक्कं आहे’ म्हटलं होतं आणि चहाला आत गेला होता. घरचीच विहीर, कोण पाना घेऊन बसतंय.

आज तो पाना घेऊन बसला. गंजलेले बोल्ट निघता निघेनात. झाकण सरकलं आणि आंबलेल्या साबणाची वाफ त्याच्या तोंडावर आली. जमिनीखालून विहिरीच्या भिंतीत एक प्लास्टिकची नळी खुपसलेली होती. तिच्यातून धुण्याचं राखाडी पाणी धो धो खाली पडत होतं.

“ताई, हे कधीपासून?”

“मागचं गटार तुंबलं तेव्हापासून. अर्जावर अर्ज केले. फिरकलं कोणी? तुझ्यासारखीच साहेब माणसं ती. म्हटलं, अंगणात भोक आहेच, रिकामं का ठेवा.”

“भोक नाही गं ते. खाली सगळ्यांचं पाणी एकच असतं.”

“मला शिकवू नकोस. तुला शिकवलंय मी.”

ताई जवळ आली, आवाज उतरवून म्हणाली, “नळी काढते मी. झाकण लाव आणि राखीव लिही, नेहमीसारखं.”

“आणि उद्याचं पाणी सोडणार कुठे?”

ताईने दोरीवरच्या चादरींकडे पाहिलं. आठवडाही जाणार नाही, नळी पुन्हा आत जाईल, हे दोघांनाही कळत होतं.

“बाद लिहिलंस की धुलाई बंद,” ती म्हणाली. “गटार मोकळं होईपर्यंत बंद. म्हणजे किती दिवस, ते तुलाच माहीत. मी काय करू तोवर? तुझ्याकडे येऊन राहू, भाऊराया? तुझी बायको मला निळीचं पाणीसुद्धा विचारायची नाही.”

त्याला हसू येणार होतं. ताई हसत नव्हती, म्हणून आलं नाही. त्याने ‘बाद’ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने निळा अंगठा पदराला पुसून सही केली. अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं होतं.

विहीर भरायला मजूर आले त्या सकाळी आधी घाण पाणी उपसलं, मग तळात धुतलेली खडी पडू लागली. खडीनंतर चिकणमाती, वर सिमेंट. ताई दारात बसून न धुतलेले गठ्ठे परत करत होती. “धुलाई बंद आहे. का, ते आत माझ्या भावाला विचारा.” कोणी विचारत नव्हतं; गठ्ठा काखोटीला मारून जात होते.

शाळेच्या बाई मात्र सरळ अंगणात आल्या. “का हो बंद?”

खडीच्या आवाजात त्याला मोठ्याने सांगावं लागलं. “धुण्याचं पाणी विहिरीत जात होतं. खालच्या घरांचं पाणी त्याने नासलं. झाकण दरवर्षी तपासलं मीच, पण एकदाही उघडलं नाही.”

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “बरं. मग माझ्या पडद्यांचं काय?”

त्याने दाराकडे पाहिलं. ताईने पाठ फिरवली नव्हती. बाईंचा गठ्ठा तिने परत दिला नाही; गाठ नीट आवळून तिथेच, स्वतःच्या आणि भावाच्या मध्ये ठेवला.