दोनदा घेतलेलं शील

कोपरखैरण्याच्या आमच्या विहारात पौर्णिमेला पंचशील आमचे हेच देतात. हे एक शील म्हणतात, मग सगळे मागून म्हणतात. किती वर्षं झाली, असंच चाललंय.

तरुणपणी हे मार्केटात गोणी उचलायचे आणि रात्रीच्या कॉलेजात शिकायचे. पुढे पालीत एम.ए. केलं, कॉलेजात पाली शिकवली, ग्रंथांचे अर्थ लिहिले. अजूनही लांबून माणसं शंका विचारायला घरी येतात. मी चौथी शिकलेली. चहा ठेवते आणि दाराआडून ऐकते. "नुसतं वाचून काय होणार, बसायला पाहिजे," असं हे त्यांना सांगतात, आणि स्वतः रोज पहाटे ध्यानाला बसतात.

हल्ली ह्यांना ध्यानातून उठवावं लागतं. गॅलरीत ऊन आलं तरी बसलेलेच. मी खांद्याला हात लावते, तेव्हा डोळे उघडून विचारतात, "उठायचं का?" आधी मला वाटलं, ध्यान खोल लागत असेल. पण ते डोळे शांत नसतात. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखे असतात.

मागच्या पौर्णिमेला ह्यांनी चोरी न करण्याचं शील दोनदा म्हटलं. सगळ्या विहाराने ते दोनदा म्हटलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही. सर चुकतील, हे कुणाच्या मनातही येत नाही.

वंदना झाल्यावर शेजारीण हसत म्हणाली, "काय सर, चोरीचं डबल? आमच्या सोसायटीतला नळ कुणी नेला ते कळलं वाटतं तुमाला!"

"माझ्याकडं बघून नको बोलू हां," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

हेही हसले. "मुद्दामच घेतलं," म्हणाले.

मी हसले नाही. लग्नापासून ह्यांच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. घरी येताना ह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. रस्त्यात कधी हात न लावणारा माणूस.

घरी मी म्हटलं, "पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला सांगूया का?"

"सगळं गेलं तरी ती पाच जाणार नाहीत," हे म्हणाले. "ती गेली तर मग काय राहिलं?"

काल पुन्हा पौर्णिमा होती. तीन शीलं नीट झाली. मग हे थांबले. सगळे हात जोडून वाट बघत होते. पंख्याचा आवाज येत होता. ह्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. पुढचं शील खोटं न बोलण्याचं.

विहारात मी आजवर कुणाच्या आधी तोंड उघडलं नव्हतं. काल उघडलं. आवाज चिरका आला, पण शील पुरतं म्हटलं. माझ्यामागून सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांच्या मागून, एकटाच, ह्यांचा आवाज आला.

पाचव्या शीलासाठी सगळे सरांकडे बघू लागले. आणि हे हात जोडून माझ्याकडे बघत होते.