बॅनरमधला जावई

केनवडच्या बाजारात प्रसेनजितचं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान आहे. त्याचे वडील देवमन भिंतींवर जाहिराती रंगवायचे. मुलगा तेच काम माऊसने करतो आणि वडिलांसारखाच श्वास रोखून करतो. आमच्याकडे बॅनरवर कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे लोक आधी पाहतात. त्यामुळे माणसं घालायची-काढायची कामं त्याच्याकडे रोजची. ग्रुप फोटोतून एखादा कापून घ्यावा तर त्यानेच. संगणक माणसाची कड आपोआप ओळखतो म्हणतात, पण तो कान खातो आणि मिशी अर्धी ठेवतो. म्हणून प्रसेनजित माणसाभोवती एकेक ठिपका स्वतः टाकतो.

त्या दुपारी मी शाळेचा बॅनर करून घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात रिठदचे जगदेवकाका आले. दुसऱ्या दिवशी त्यांची एकसष्टी होती. चारच्या आत फाइल वाशिमला गेली, तरच बॅनर सकाळपर्यंत छापून मिळणार होता. त्यांनी मोबाइलमधला घरच्यांचा फोटो दिला आणि एका माणसावर बोट ठेवलं. तो त्यांचा जावई, बबलू.

"याले काहाड यातून," काका म्हणाले.

हे प्रकरण आम्हाला ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी काकांच्या मुलाच्या, राजूच्या लग्नात माइकवरून सगळ्या पाहुण्यांचे सत्कार झाले, गावच्या पोलीस पाटलापासून बँडवाल्यापर्यंत. जावयाचं नाव तेवढं राहिलं. जावई न जेवता निघून गेला आणि मुलगी वैजयंती त्याच्यामागून गेली. तेव्हापासून येणंजाणं बंद. आता नवऱ्याला बापाने बॅनरवरून काढलं हे चौकात टांगलेलं दिसलं, तर ती पोरगी कोणत्या तोंडाने माहेरी येणार होती? मला अशा अडेल माणसांचा राग येतो, आणि अशा वेळी गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्यांचा त्याहून जास्त.

प्रसेनजितने मात्र विचारलं, वैजयंतीताईला हे माहीत आहे का. काका म्हणाले, तू तुझं काम कर. ते त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

त्याने फोटो मोठा केला. जावयाच्या कानापासून ठिपके टाकत तो खांद्यावर उतरला, कोपरावरून वळला, पायांपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने वर आला. कॉलरजवळ मात्र हात थांबला. फोटो त्याच लग्नातला, सत्काराच्या आधीचा होता. शेजारी काकांच्या पत्नी मनकर्णाबाई दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि नातीने हात लांबवून बापाची कॉलर मुठीत धरली होती.

प्रसेनजितने मूठ सिलेक्शनच्या, म्हणजे ठिपक्यांच्या रेघेच्या, बाहेर ठेवून पाहिली. मुठीत कॉलरचा तुकडा उरत होता. मग त्याने रेघ ओढून मूठ आत घेतली. आता पोरीचा हात मनगटापाशी संपत होता. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. साडेतीन वाजून गेले. पंखा चालू असूनही त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

काका खेकसले, "कायले खेळून राह्यला? मुठीसकट काप. नातीचा हात मागून बनव."

त्याने मूठ आत घेतली आणि सिलेक्शन पूर्ण केलं. जावयाभोवती ठिपक्यांची रांग मुंग्यांसारखी पळू लागली. आता एक बटण दाबलं की जावई गेला.

पण बारा वर्षं हा माणूस बहुतेक उलटंच काम करत आला आहे. माणूस निवडायचा, सिलेक्शन उलटं करायचं आणि बाकीचं सगळं पुसायचं. बोटांनी सवयीने तेच केलं.

पडद्यावरून काका गेले. मनकर्णाबाई, राजू, नवी सून, वैजयंती, नात, मांडव, सगळं गेलं. पांढऱ्याफटक पडद्यावर एकटा जावई उभा होता आणि त्याच्या कॉलरला एक चिमुकली मूठ धरून होती.

मला वाटलं, आता प्रसेनजितच्या कानाखाली बसते. काका पुढे झाले. चष्मा वर सरकवून त्यांनी ती मूठ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"वापस आन सगळ्यायले," ते म्हणाले.

सगळी माणसं परत आली. प्रसेनजितने हळूच विचारलं, आता जावयाचं काय करू. काका म्हणाले, राहू दे, आणि खाली नाव टाक. प्रसेनजितने बबलू असं टाइप केलं. काकांनी नकाराची मान हलवली. पूर्ण नाव टाक म्हणाले. त्याने विचारलं, पूर्ण नाव काय?

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेच तर त्या दिवशी माइकवर आठोलं नाई. चारचौघांत विचारू कसं?"

आठ महिन्यांचा अबोला एवढ्यासाठी. मला हसूही येईना.

चारला दहा मिनिटं होती. काकांनी मोबाइल काढला, दोनदा खिशात ठेवला, तिसऱ्यांदा लावला. फोनचा आवाज मोठा असल्याने पलीकडचं आम्हालाही ऐकू येत होतं.

"जवाईबुवा, मी रिठदहून जगदेव बोलून राह्यलो. तुमचं पूर्ण नाव सांगा. बॅनरवर टाकाचं हाये."

प्रसेनजितचे हात कीबोर्डवर थांबले होते. मग पलीकडून आवाज आला, "ऋषिकेश रतनसिंग पवार."

प्रसेनजितने टाइप केलं. फोन चालूच होता.

"कार्यक्रम किती वाजता हाये?" जावयाने विचारलं.