साझ कमी पडला तेव्हा

सलीमभाईंनी खोक्यातलं पहिलं पाकीट कापलं आणि आम्ही दोघंही मागं सरकलो. आतून जुनाट चीजचा वास आला.

"मॅडम, ये तो गया," सलीमभाई म्हणाले. ते आमच्या कोल्ड स्टोअरचे इन्चार्ज. मी वाळूजच्या एका ब्रुअरीत ब्रुअर आहे. बिअर बनवायची आणि प्रत्येक वेळी ती तशीच लागेल हे बघायचं, हे माझं काम. उस्मानपुऱ्यात आई अजूनही शेजारणींना "पोरगी लॅबमध्ये असते" एवढंच सांगते.

पाकिटात हॉप्स होते. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून त्यांच्या शेळीच्या लेंडीएवढ्या हिरव्या गोळ्या करतात. बार्लीच्या गोड काढ्यात त्या उकळल्या की बिअरला कडूपणा येतो, सुगंधही येतो. आंब्यासारख्या यांच्याही जाती असतात. ही जात होती साझ. युरोपातली, कडूपणाला मवाळ आणि वासाला फार नाजूक. एका मोठ्या क्लायंटची बिअर आम्ही त्यांच्या रेसिपीनं बनवायचो, आणि त्या रेसिपीत दुसरा हॉप नव्हताच. बंदरावरून येताना कंटेनरचं कूलिंग बंद पडलं होतं. हॉप्सना उष्णता लागली की ते असा वास धरतात.

बाकीची खोकी फोडली. सगळी तशीच. आधीच्या लॉटचा चांगला साझ शिल्लक होता, पण एका बॅचला लागतो त्याच्या निम्माही नाही. नवा माल जहाजानं येईपर्यंत उन्हाळा सरला असता, आणि बिअरचा धंदा तर उन्हाळ्याचाच.

आमचे प्लान्ट हेड जाधव सर स्वतः खाली आले. हुंगून बघितलं.

"थोडा वास असायचाच. उकळला की जातो."

"हा नाय जात सर. थेट ग्लासात येतो."

"मग तो मॅग्नम पडलाय की स्टोअरला. तो टाका."

मॅग्नम ही जर्मन जात. साझच्या कितीतरी पट कडू, पण वास बेताचाच. साझच्या जागी तेवढाच टाकला असता तर बिअरचा कडुनिंबाचा काढा झाला असता. तसं मी बोलले, आणि बोलता बोलताच मला सुचलं.

हॉप्स उकळीत दोनदा टाकतात. पहिल्यांदा सुरुवातीला. तासभर उकळून त्यातला कडूपणा उतरतो, वास मात्र वाफेबरोबर चिमणीतून निघून जातो. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, फक्त वासासाठी. आमच्या रेसिपीत दोन्ही वेळा साझच होता, आणि निम्म्याहून जास्त पहिल्याच वेळी जायचा.

"सर, तुमच्या घरी कोथिंबीर फोडणीत घालतात का?"

"वरून घालतात. का?"

"आपण फोडणीत घालतोय. कडूपणा मॅग्नमवर काढू, अगदी थोडा टाकून. आहे तो सगळा साझ शेवटाला ठेवू."

सर म्हणाले, "क्लायंटला काय सांगायचं?"

"खरं तेच."

क्लायंटचे ब्रुअर डिसोझा मुंबईत बसायचे. तीस वर्षं याच धंद्यातला माणूस. जाधव सरांनी स्पीकरवर फोन लावला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बनवा," ते म्हणाले. "पण माझ्या टेस्टर्सनी ती वेगळी म्हणून ओळखली, तर टाकी गटारात ओतायची. आणि सीझनचं काम मी दुसरीकडं देईन."

जाधव सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "ऐकलं ना?"

ऐकलं होतं. मॅग्नमचं वजन मी तीनदा काढलं. बॅचच्या दिवशी केटलपाशी, म्हणजे त्या उकळायच्या भल्यामोठ्या भांड्यापाशी, मी स्वतः उभी राहिले. शेवटचा साझ पडला आणि ओल्या गवताचा, फुलांचा वास हॉलभर पसरला. सलीमभाई दारातूनच म्हणाले, "आज तो अलगच महक है."

मग काही आठवडे बिअर टाकीत मुरली. लॅबच्या मशीनवर कडूपणा बरोबर आला. वासासाठी मात्र माणसाचं नाकच लागतं. तोवर मला झोप धड नव्हती.

डिसोझा टेस्टर्सना घेऊन आले. आमच्यात एक परीक्षा असते. प्रत्येकासमोर तीन ग्लास. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसता अंदाज मारला तरी तिघांतला एक बरोबर येतोच. त्याहून बरेच जास्त बरोबर आले, तर फरक खरा.

डिसोझा स्वतःही बसले. हुंगलं, घोट घेतला, पुन्हा हुंगलं. एक ग्लास पुढं सरकवला.

"हा वेगळा. वास जास्त मोकळा आहे. हा जुन्या बॅचचा, अस्सल साझवाला."

मी ग्लासाखालचा कोड बघितला. "सर, हा नव्या बॅचचा आहे. आणि शेजारचा पण त्याच बॅचचा."

बाकीच्यांचे कोड उघडले. अंदाजानं आले असते तेवढेच बरोबर होते. कुणालाही फरक कळला नव्हता.

डिसोझांनी तो ग्लास परत उचलला, सावकाश संपवला आणि हसले. "पुढच्या बॅचलाही असंच करा. आता साझ थोडाच लागेल, तेवढा मी विमानानं मागवतो. रेसिपीही बदलून पाठवतो."

सीझनचं सगळं काम आमच्याकडंच राहिलं. जाधव सरांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला आणि वर म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅग्नम टाका म्हणून!"

मी नाही म्हणाले नाही. सांगितलं होतंच त्यांनी.

चांगली वस्तू कमी पडली, की ती नेमकी कुठं लागते ते कळतं. साझ भरपूर होता तोवर त्यातला निम्मा आम्ही चिमणीतून उडवत होतो, आणि त्यालाच रेसिपी म्हणत होतो.