मिस्टर रे 'हो' म्हणाले

मिस्टर रे गेल्याची बातमी फहदने दिली. अब्बा तेव्हा बंदरावर एका मच्छीमार बोटीचं इंजिन उघडून बसले होते आणि मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. फोनवर फहदचा व्हॉइस मेसेज आला. अब्बांचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून मला म्हणाले, "लाव गो, काय म्हणतोय बघ." मी फोन त्यांच्या कानाशी धरला. सौदीतून फहदचा आवाज आला, वर्कशॉपमध्ये शिकलेल्या त्याच्या हिंदीत. "हनीफ भाई, मिस्टर रे अल्लाह के पास चला गया. उसका बेटी बोला. दिल बंद हो गया." अब्बांनी निरोप परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. शेवटी हातातला पाना पुसून खाली ठेवला आणि म्हणाले, "डबा घरी ने. आज भूक नाही."

त्याला महिना होऊन गेला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि असं काही लिहायची मला सवय नाही. पण मिस्टर रेंबद्दल मराठीत दुसरं कोण लिहिणार, असं वाटलं... ते अमेरिकन होते. सौदीत अबकैकच्या तेल प्रकल्पात एका कंत्राटदाराचं वॉल्व्ह दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथले ते सुपरवायझर, आणि अब्बा त्यांच्या हाताखाली फिटर. अम्मी आणि मीही तेव्हा तिथेच राहायचो. तिथे साहेबाच्या पहिल्याच नावाआधी मिस्टर लावतात, म्हणून ते मिस्टर रे. अंगाने आडवे, मान उन्हाने कायम लाल. इतर अमेरिकन लोक कंपाउंडच्या भिंतीआड राहायचे आणि फारसे बाहेर दिसायचे नाहीत. हे मात्र शुक्रवारी दुपारी आमच्या दोन खोल्यांत जेवायला यायचे, चपला दाराबाहेर काढून खाली मांडी घालायची धडपड करायचे. अम्मीचं सुरमईचं कालवण त्यांना फार आवडायचं, आणि सोसायचं मुळीच नाही. डोळ्यांतून पाणी काढत म्हणायचे, "हनीफ, हा रस्सा वॉल्व्हवर ओत. वर्षानुवर्षांचा गंज निघेल." अब्बा म्हणायचे, "मिस्टर रे, गंजलेल्या माणसांसाठीच केलाय तो." मला ते 'कॉलेज' म्हणायचे. मी नववीत होते तेव्हापासून! "काय कॉलेज, आज काय शिकलीस?" त्यांच्या घरातही कुणी कॉलेजात गेलं नव्हतं.

ते ओहायोतल्या एका पोलादाच्या गावचे. आजोबा भट्टीवर, वडील भट्टीवर, हेही भट्टीवर. सगळे युनियनचे, आणि युनियनचा जो पक्ष तोच घराचा पक्ष. निवडणुकीच्या दिवशी वडील धुतलेला शर्ट घालायचे आणि सगळ्या शिफ्टबरोबर चालत मत द्यायला जायचे. मग कारखाना बंद झाला. पक्षाचे लोक आले, सभा घेतली, आणि सांगितलं की आता नवी कामं शिका, कॉम्प्युटर शिका. "माझ्या वडिलांना टायपिंग शिकवायला निघाले होते," असं मिस्टर रे सांगायचे आणि आपली जाड बोटं आमच्यापुढे नाचवायचे. आम्ही हसायचो. ते स्वतः हसत नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एका शुक्रवारी जेवताना त्यांनी सांगितलं की या वेळी त्यांनी टपालाने मत पाठवलं, ते दुसऱ्या पक्षाला. आपल्या मुलखातली कामं आपल्या माणसांना, असं म्हणणाऱ्या पक्षाला. "वडील असते तर मला घरात घेतलं नसतं," ते म्हणाले. अब्बांना त्यात हसण्यासारखंच दिसलं. "आमच्याकडेही तेच. आजाने ज्या चिन्हावर शिक्का मारला त्याच चिन्हावर नातवाने मारायचा. चुकलात तर संध्याकाळी भाकरी नाही." अम्मी आतून म्हणाली, "भाकरी मी करते, चिन्ह मी ठरवीन." त्या दिवशी सगळे खूप हसले. ती दुपार अजून आठवते, कारण त्यानंतर तसं हसणं झालं नाही.

सौदायझेशन हा शब्द तोवर घराघरात पोचला होता. परदेशी माणूस कमी करायचा, त्याच्या जागी सौदी माणूस घ्यायचा. आधी दुकानांत झालं, मग ऑफिसांत, मग वर्कशॉपमध्ये. फहद तसाच आला. वाईट मुलगा नव्हता. कामावर वेळेत यायचा, अब्बांच्या शेजारी उभा राहून वॉल्व्ह खोलायला शिकायचा. त्याची आई आमच्यासाठी खजुराची बिस्किटं पाठवायची. अब्बा कौतुकाने म्हणायचे, "हात चांगला आहे पोराचा." आपण कुणाला शिकवतोय हे त्यांना कळत होतं. पण शिकायला आलेल्याला शिकवायचं नाही, हे त्यांना जमलं नसतं.

मी बारावीत गेले त्या वर्षी मिस्टर रे शुक्रवार नसताना एका संध्याकाळी घरी आले. जेवायला बसले नाहीत. अब्बा म्हणाले, "चहा तरी?" ते म्हणाले, "आधी ऐक. आज मॅनेजरने मला विचारलं, फहद तुझं काम एकटा सांभाळेल का. मी हो म्हणालो."

अब्बा खाली बसले. मग म्हणाले, "वर्षभर थांबा म्हणाला असतात तर?"

"तर खोटं बोललो असतो. पोरगा तयार आहे. तूच तयार केलास."

"पोरगी बारावीला आहे, मिस्टर रे."

"माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याचा देश आहे, हनीफ. माझ्या गावात हेच व्हावं म्हणून मी मत दिलं. तिकडे एक बोलू आणि इकडे दुसरं, ते कसं करू?"

अब्बा उठले आणि दार उघडून उभे राहिले. एवढंच. मिस्टर रे चपला हातात घेऊनच जिना उतरले.

आम्ही परत आलो. विमानतळावर फहदने सोडलं, बॅगा त्यानेच उचलल्या, आणि अब्बांच्या हाताचं चुंबन घेऊन रडला. मिस्टर रे आले नव्हते. बारावी मी गावी केली, मग रत्नागिरीला कॉलेजात गेले. मिस्टर रेंचे फोन यायचे. अब्बा फोनकडे बघत राहायचे आणि तो वाजून बंद व्हायचा. पुढे फहदकडून कळलं की मिस्टर रेंच्या खुर्चीवरही सौदी इंजिनिअर आला आणि ते अमेरिकेला परत गेले. मला वाटलं होतं, अब्बांना थोडं तरी बरं वाटेल. त्यांनी फक्त विचारलं, "तिकडे काम आहे का त्याला?" काम होतं. गावाबाहेरच्या एका मोठ्या दुकानात, येणाऱ्या गिऱ्हाइकांना दारात नमस्कार करायचं.

राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला मतदारांबद्दल एक प्रकरण होतं. अमेरिकेतला कामगार आपला जुना पक्ष सोडून गेला, तो स्वतःच्या हिताविरुद्ध मत देतो, असं सरांनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं. पण मला त्या वाक्यात मिस्टर रे काही सापडेनात. म्हणून एका रविवारी घरून मी त्यांना मेसेज केला, की तुम्ही पक्ष का बदललात ते मला खरं सांगाल का. लगेच फोन आला. "कॉलेज!" आवाज थकलेला होता, पण तोच. मी बिचकत प्रश्न परत विचारला. कारखाना तर नव्या पक्षानेही उघडला नाही, मग पुन्हा त्यालाच मत का, असंही विचारलं.

ते म्हणाले, "तुझे अब्बा गावी परत आले, तेव्हा त्यांना कुणी विचारलं का, हनीफ, तू तिकडे काय काम करत होतास?"

मी आठवून पाहिलं. लोकांनी खूप काही विचारलं होतं. किती आणलंत, घर कधी बांधणार, परत कधी जाणार, पोरीचं लग्न कधी. काम काय होतं, हे कुणीच नाही.

"नाही," मी म्हणाले.

"मला त्या नव्या पक्षाच्या एकाने विचारलं. सभेत माझ्या कारखान्याचं नाव घेतलं, भट्टीचं नाव घेतलं. तो खोटं बोलत असेल, कॉलेज. मला काय, कळत नाही? पण विचारलं त्याने."

अब्बा पडवीत होते. मला वाटलं होतं त्यांना ऐकू जात नाही. ते आत आले आणि हात पुढे केला. मी फोन दिला. "मिस्टर रे," ते म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "इथली इंजिनं खाऱ्या पाण्याने गंजतात हो. काय लावू?" पुढचा अर्धा तास दोघं गंजाबद्दल बोलत होते. त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. नंतरही फोन झाले, चार-पाच असतील. त्या दाराचं बोलणं मात्र राहूनच गेलं. मला वाटतं, अब्बांना ते कधीतरी बोलायचं होतं... घाई कुणालाच नव्हती.

गेल्या आठवड्यात पंचायत समितीच्या प्रचारासाठी माणसं आली. आमच्या नेहमीच्या पक्षाचे लोक सकाळी येऊन गेले होते. फाटकातूनच, "हनीफभाई, लक्ष आहे ना?" म्हणाले आणि पुढच्या घरी वळले. दुपारी दुसरे आले. स्थानिकांना काम, बाहेरचे बाहेर, असं म्हणणारे. त्यांच्या पक्षाचं नाव आमच्या मोहल्ल्यात कुणी मोठ्याने घेत नाही, आणि त्यांच्या सभांमधून आमच्याबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उमेदवार तरुण होता. पडवीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही सौदीत नक्की काय काम करायचात?"

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. वॉल्व्ह म्हणजे काय, तो एवढा मोठा की आत माणूस उभा राहील, आणि केसाएवढी गळती राहिली तर काय होतं, हे ते सांगू लागले. गळती डोळ्याला दिसत नाही, ती ऐकावी लागते, असं म्हणत त्यांनी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक खुर्चीच्या दांड्यावर टेकवलं, मूठ कानाशी नेली आणि डोळे मिटले. "हे मला मिस्टर रेने शिकवलं," ते म्हणाले. "अमेरिकन होता. माझा दोस्त." इतक्या वर्षांत अब्बांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. तो मुलगा मान हलवत होता, मधूनच घड्याळ बघत होता. अब्बांचे डोळे मिटलेले होते, त्यांना ते दिसलं नाही.

अम्मी दारात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चहाचे कप तिच्या हातातच होते. ती हळूच म्हणाली, "तुझे अब्बा गेले गो त्यांच्या पक्षाकडे."