जाताना जुनी, येताना नवी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज एकाच माणसावरून भांडण व्हायचं, आणि तो माणूस कधी त्या बसमध्ये बसलेलाही नव्हता. तो सिनेमाचा संगीतकार. आम्ही सगळे त्याचे चाहते, म्हणून तर भांडण! ज्याला गाण्याचं काही पडलेलंच नाही, तो कशाला सकाळी सहा वाजता घसा कोरडा करील?

बस दिघीहून निघायची, मोशीच्या गर्दीत अडकायची आणि चाकण करत कंपनीच्या फाटकाशी पोचायची. तेवढ्या वेळात बसचे दोन तट पडायचे. जुन्यांचा पुढारी मी. नव्यांचा पुढारी माझ्या शेजारी बसणारा, असेंब्लीतला एक कोकणी पोरगेला गडी. मला भाऊ म्हणायचा आणि भाऊ म्हणत म्हणतच माझं डोकं फिरवायचा.

माझं म्हणणं साधं होतं. ह्या माणसाच्या सुरुवातीच्या गाण्यांत ढोलकी होती, सारंगी होती, कडव्याच्या आधी बासरीचा एक लांब तुकडा असायचा. आता काय? खाली धपधप धपधप, आणि वर गायक शेजारणीची चुगली सांगितल्यासारखा कुजबुजतोय!

"भाऊ, माणसानं जन्मभर तेच तेच करायचं काय?" शेजारी म्हणायचा. "तुम्ही लातुराहून आलात तेव्हा जसे होतात तसेच र्‍हायलात काय?"

"मी बदललो, पण माझं नाक घरी ठेवून आलो का? ह्यानं ढोलकी कुठं ठेवली ते सांग!"

एकदा प्रकरण पार हातघाईवर आलं, तेव्हा ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. ड्रायव्हर चाकणजवळच्या निघोज्याचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. तो मागं वळून म्हणाला, "आमी सांगतो त्ये ऐका. जाताना जुनी, येताना नवी. पटत नसंल त्यानं चालत या." तेव्हापासून हा बसचा कायदा. तो कुणी मोडत नसे. सकाळी मी राजा, संध्याकाळी शेजारी.

आता माझं काम सांगतो, कारण त्याशिवाय पुढची भीती कळायची नाही. मी गिअरबॉक्स ऐकतो. खरंच, पगार त्याचाच मिळतो. काचेच्या बंद खोलीत तयार गिअरबॉक्स फिरवतात आणि मी कान देतो. गिअरच्या दातांत बारीक खोट असेल तर आतून एक किरकिर येते, शीळ घातल्यासारखी. मोठी खोट मशिनचा काटाच दाखवतो, पण ही बारीक किरकिर माणसाच्याच कानाला कळते. चांगल्याला हिरवं लेबल, खोट असलेल्याला लाल. बारा वर्षं मी ह्या कानांवर घर चालवलंय.

गेल्या वर्षी त्या संगीतकाराचा नवा सिनेमा आला. संध्याकाळी बसमध्ये त्यातलं गाणं लागलं आणि पहिलं कडवं सुरू व्हायच्या आधी मी संधी साधली. उभा राहून म्हणालो, "ऐका, ऐका! पूर्वी इथं बासरी असायची. आता इथं काय आहे? काहीच नाही! रिकामी जागा सोडलीय पठ्ठ्यानं!"

सगळी बस माझ्याकडं बघू लागली. मला वाटलं, जिंकलो. मग शेजारी हळूच म्हणाला, "भाऊ, आता बासरीच तर चाललीय."

मी हसलो. थट्टा करतायत लेकाचे! म्हटलं, ड्रायव्हरला विचारू, तो कुणाच्याच बाजूचा नाही. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "बासरी हाय की. लई ग्वाड हाय. तुमाला न्हाई का ऐकू येत?"

मी खाली बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढं कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

घरी येऊन आधी मोबाइलवर जुनं गाणं लावलं. बासरी अगदी स्पष्ट! जीव भांड्यात पडला. बायकोला म्हणालो, "बघ, सगळं ऐकू येतंय. उगाच घाबरवलं मेल्यांनी."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते गाणं तुम्ही झोपेतसुद्धा म्हणता. त्यातलं काय ऐकायचंय? मी मघापासून तीन हाका मारल्या, त्यातली एक तरी ऐकलीत का?"

पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. जुन्या गाण्यातली बासरी मला ऐकू येत नव्हतीच. ती मला पाठ होती.

त्या रात्री मी काय काय आठवलं! गेले पंधरा-वीस दिवस माझ्या हातून लाल लेबल जवळपास लागलंच नव्हतं. आणि मी शहाणा कँटीनमध्ये सांगत फिरत होतो, की नव्या मॉडेलचा माल फार सुधारलाय. संगीतकार बिघडला आणि गिअर सुधारले! मला दोन्हीकडचं अगदी बरोबर कळलंय असं वाटत होतं, आणि दोन्हीकडं माझेच कान गेले होते.

गप्प बसावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? कान गेले म्हटल्यावर त्या खोलीत मला कोण ठेवणार? पॅकिंगला टाकतील, खोके चिकटवायला. बारा वर्षांचं काम, आणि त्याशिवाय मला दुसरं येतंय काय? पण ते गिअरबॉक्स कुणाच्या तरी गाडीत बसणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना जुनी गाणी लागली होती, माझीच, तरी माझं लक्ष लागेना. शेजाऱ्यानं त्या दिवशी डिवचलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

आमच्या लाइनच्या सुपरवायझर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं, "मॅडम, माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही. मी पास केलेला माल परत बघून घ्या."

त्यांनी आधी रजिस्टर उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्या मॉडेलचा सगळा माल मंजुरीसाठी गोदामातच थांबलाय. एकही पेटी बाहेर गेलेली नाही. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाकडून तपासून घेते. तुम्ही आधी डॉक्टरकडं जा. आणि काका, आज सांगितलंत ते बरं केलंत."

हुश्श झालं, पण अर्धंच. कानांची काळजी होतीच.

भोसरीच्या कानाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि "अरेच्चा!" म्हणाले. डॉक्टर "अरेच्चा" म्हणाला की माणसानं काय समजायचं? त्यांनी विचारलं, "कानात कापूस घालता का?"

घालत होतो. मशिनांच्या शेडमधून माझ्या खोलीपर्यंत जाताना मोठा गोंगाट असतो. कंपनीनं त्यासाठी कानात घालायचे रबरी बोळे दिलेत, पण ते मला खाजतात. म्हणून मी आपला घरून कापूस नेत असे, खोलीत शिरलो की काढून टाकत असे. कान जपायला!

डॉक्टरांनी चिमट्यानं आधी उजव्यातून, मग डाव्यातून आतच राहून गेलेला, काळा पडलेला कापसाचा बोळा काढला. त्यामागं मळ घट्ट दाबून बसलेला. पाण्यानं तो धुऊन काढला, आणि एकदम दवाखान्यातला पंखा ऐकू आला. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं, तेही. मशिनवर तपासणी केली, तर कान ठणठणीत.

"कापूस भरायला कान म्हणजे उशी आहे का?" डॉक्टर म्हणाले. मला एवढं रडू आलं की त्यांना वाटलं, दुखलं. मी म्हणालो, "नाही हो डॉक्टर, बरं वाटतंय." त्या दिवसापासून कापसाच्या नावानं कानाला खडा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्या चढल्या मी ड्रायव्हरला म्हणालो, "आज नवं लावा. परवाचंच."

"आवो, आता तुमची पाळी हाय! कायदा हाय आपला."

"कायदा आज मी मोडतोय. लावा."

"भाऊ, ताप बीप नाही ना?" शेजारी घाबरून म्हणाला.

गाणं लागलं. खाली तीच धपधप, गायकाची तीच कुजबुज. मग ती रिकामी जागा आली, आणि तिच्यात बासरी होती! बारीक, अलगद, आतल्या खोलीत कुणी वाजवावी तशी. जुन्या गाण्यांतली ऐटीत पुढं यायची, ही येत नव्हती. मी शेजाऱ्याचा हात घट्ट धरला.

गाणं संपल्यावर त्यानं विचारलंच, "मग? मान्य ना आता?"

"बासरी मान्य," मी म्हणालो. "पण ढोलकी कुठाय?"

अख्खी बस हसली आणि मोशीपर्यंत पुन्हा तेच भांडण. इतकं बरं वाटलं ते भांडण!

कंपनीत मॅडम दारातच भेटल्या. मी पास केलेल्या मालातले सहा गिअरबॉक्स किरकिरणारे निघाले होते. गोदामात होते म्हणून वाचलो. डॉक्टरांचा कागद त्यांनी वाचला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

पहिला गिअरबॉक्स फिरवला, चांगला होता. दुसराही चांगला. मी कान देऊन बसलो होतो. तिसरा फिरला, आणि आतून ती किरकिर आली, केसाएवढी, पण आली. मशिनचा काटा जागचा हलला नव्हता. मी लाल लेबल घेतलं आणि चिकटवून त्यावर अंगठा दाबून धरला. बारा वर्षांत एवढ्या आनंदानं मी कुठलाच माल नापास केला नव्हता.