आसावरचं कुंकू

देवावर माझा राग नव्हता आणि फारसा विश्वासही नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा विश्वास होता तो पान्यावर, ग्रीसवर आणि स्वतःच्या दहा बोटांवर. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी पिंपळगाव राजाला माझ्या मायसोबत राहत होतो आणि गुरांना लस टोचण्यासाठी गावोगाव फिरण्याचं माझं काम होतं. त्यासाठी मी लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी फटफटी घेतली होती. पंचक्रोशीत तिचा आवाज माणसं मैलावरून ओळखत. माय तिला ‘रेडा’ म्हणायची आणि तिच्या जवळून जाताना पदर सावरून जायची.

पण काय गाडी होती ती. लांबच्या वाटेसाठीच घडवलेली, जड, शांत स्वभावाची. चिखल, फुफाटा, नाल्यातलं पाणी, कशालाही ती कुरकुरली नाही. तिची सगळी देखभाल मी घरच्या अंगणातच करायचो, दुसऱ्या कुणाचा हात मी तिला लागू दिला नाही. कार्बोरेटरच्या बारीक भोकात तार घातली तर भोक मोठं होतं, म्हणून ते साफ करायला मी म्हशीच्या शेपटीचा केस ठेवला होता. सुटे भाग काढले की वडिलांच्या जुन्या धोतरावर ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडायचे आणि उलट्या क्रमाने बसवत जायचं, हा माझा नियम होता. त्या ओळीला कुणी हात लावला की माझं डोकं फिरायचं. त्या धोतरापुढे बसलो की मला जगात कुणाची गरज वाटत नसे, देवाचीसुद्धा नाही.

त्या वर्षी आषाढात मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होतो आणि त्यातले सात-आठ दिवस मला आठवतच नाहीत. डॉक्टरांच्या औषधाने मी उठलो, असं माझं मत. मायचं मत वेगळं होतं. मी शुद्धीत नसताना तिने मेहकरच्या बालाजीला नवस बोलला होता आणि तो नवस ऐकून मला हसूच आलं. लेक बरा झाला तर त्याच्याच गाडीवर बसून दसऱ्याला दर्शनाला येईन, असं ती बोलून बसली होती. जिला त्या गाडीच्या सावलीची भीती वाटायची, ती बाई खामगावचा घाट चढून मेहकरपर्यंत मागे बसून येणार होती.

“अवं, येष्टीनं जाऊ ना,” मी म्हटलं. “नवसात गाडी काऊन घातली तू?”

“सोप्पं ते मांगून काय नवस होते?” ती म्हणाली. “मले ज्याचं भेव वाटते तेच देवाले देल्लं.”

मागे आपली माय बसणार आहे या विचाराने मी गाडी पहिल्यांदाच नव्या नजरेने पाहिली. दसऱ्याच्या तीन दिवस आधी मी पुढचं चाक उतरवलं. ब्रेक, बेअरिंगं, फोर्कचे बोल्ट, सगळं सुटं केलं. चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं तो आस काढला, फडक्याने पुसला, उन्हात धरून पाहिला आणि चांगला आहे म्हणून ओळीत ठेवला. नवमीला सगळं बसवायचं आणि दसऱ्याच्या पहाटे निघायचं, असा बेत होता.

नवमीच्या सकाळी ग्रीस संपलं म्हणून मी सायकलवर खामगावला गेलो. त्या दिवशी खंडेनवमी आहे हे मला माहीत होतं, पण घरातल्या विळ्या-कुऱ्हाडींची पूजा होईल यापलीकडे मी विचार केला नव्हता. परत आलो तर अंगणात भागांची ओळ नव्हती. धोतर धुऊन दोरीवर वाळत होतं.

माझे सगळे सुटे भाग देवघरासमोर पाटावर होते. मायने ते राख आणि कढत पाणी लावून एकेक करून घासले होते. गंजू नयेत म्हणून तेल चोळलं होतं, कारण मी तसंच करतो हे तिने पाहिलं होतं. मग तेलात कुंकू खलून प्रत्येक भागाला बोटांनी लेप दिला होता. वडील गेल्यापासून तिच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू नव्हतं, पण देवासाठी ती ते सढळ हाताने वापरायची. विळा, कुऱ्हाड, नट आवळायचे पाने, हातोडी आणि माझ्या गाडीचे भाग, मोठ्यापासून लहानापर्यंत, पंगतीला बसवल्यासारखे तिने मांडले होते. वर झेंडूची फुलं होती.

“माय, हे काय करून ठेवलं तू?” मी ओरडलो. “तुले काही समजते का? कोणतं कुठं होतं ते आता मी कसं सांगू?”

“हत्यार हायेत ना ते?” ती म्हणाली. “तुह्या रेड्याचे हातपाय हायेत. त्याच्यावरच तर मी बसनार हाओ.”

मी पाटाकडे हात नेला. तिने माझं मनगट धरलं. तापातून उठलेल्या माणसाचं मनगट ते, तिच्या मुठीत सहज मावलं. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. “आज नोको लावू, बापू. उद्या आंघोळ करून मंग लावजो,” ती म्हणाली. मी त्यावर जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिच्या अडाणीपणावर बोललो, एवढंच सांगतो. ती स्वयंपाकाला लागली. मी दिवसभर ओसरीवर बसून होतो आणि माझी बोटं शिवशिवत होती.

दसऱ्याला उजाडताच आंघोळ करून मी पाट अंगणात आणला. पहाटे निघायचा बेत तर गेलाच होता, निदान दुपारपर्यंत निघू असं मनात होतं. क्रम मोडलेला असल्याने प्रत्येक वॉशर, प्रत्येक नट हातात घेऊन, फिरवून, हा कुठला असेल असं आठवावं लागत होतं. एरवी मी ओळीतून न पाहताच उचलून बसवले असते. कुंकवाचा लेप पुसत पुसत मी आसापर्यंत आलो. तो कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसला. नट बसवायच्या आट्या जिथे सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे एक तांबूस रेघ राहिली. केसाएवढी बारीक. मला वाटलं, नीट पुसलं गेलं नाही. पुन्हा पुसली, ती गेली. मी दुसऱ्या नटाकडे वळलो आणि परत आसाकडे पाहिलं तर रेघ तिथेच होती. तीन वेळा पुसली आणि तीनदा ती आतून उमटली. नखाला काहीच लागत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, आसाला बारीक तडा गेला होता. मी आस दगडावर आडवा धरला आणि हातोडीचा एक घाव घातला. फार जोराचाही नव्हता. त्याचे दोन तुकडे झाले.

आवाज ऐकून माय बाहेर आली. माझ्या दोन हातांत दोन तुकडे होते. मला एकदम रडू आलं. घाट उतरताना, मागे ती बसलेली असताना, पुढचं चाक निखळलं असतं. आणि हाच आस मी उन्हात धरून पास केला होता. मी तिला सगळं सांगितलं आणि मग जे सांगायला जीभ रेटत नव्हती तेही सांगितलं, की आज जाणं होणार नाही, तिचा दसऱ्याचा शब्द मोडणार. मला वाटलं ती कोसळेल. तिने तुकडा हातात घेऊन लाल रेघेवरून बोट फिरवलं.

“मंग त्यानंच नोको म्हटलं आज,” ती म्हणाली. “त्याले काय घाई हाये? चाल, पोळी खाऊन घे.”

दुसऱ्या दिवशी ते तुकडे घेऊन मी खामगावच्या लोखंड कातणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. माझी त्याची ओळख नव्हती. म्हातारा मुसलमान माणूस, जाड भिंगाचा चष्मा लावलेला. त्याने तुटलेली बाजू उजेडात धरली. अर्ध्याहून जास्त भाग काळा पडला होता आणि थोडासाच चकाकत होता. “हे जुनं दुखनं हाये,” तो म्हणाला. “काळं तितकं आधीच फाटेल होतं. पांढऱ्या तितक्यावरच गाडी चालू होती. तुमाले दिसलं कसं?” मी त्याला राखेचं पाणी, तेल, कुंकू आणि एक दिवस हात न लावणं, सगळं सांगितलं. त्याने तुकडा फिरवून पुन्हा पाहिला. मग म्हणाला, “दिवसभर राह्यलं म्हनून तेल आत गेलं. लगेच पुसलं असतं तर तुमाले काही दिसत नव्हतं.” हातातलं काम बाजूला ठेवून त्याने आधी मला नवा आस कातून दिला. निघताना म्हणाला, “मायले माहा सलाम सांगजा.”

‘लगेच पुसलं असतं तर’ हे त्याचं वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. माझ्या बोटांचा मला गर्व होता, आणि त्या बोटांनी केलेलं काम मला वाचवणार नव्हतं. तिने मनगट धरून जी बोटं थांबवली, त्या थांबण्यात आम्ही दोघं वाचलो. हा चमत्कार होता की तेलाचा गुणधर्म, यावर मी कधी वाद घातला नाही. मला दोन्ही पटतं.

कोजागरीच्या सकाळी आम्ही निघालो. नेसूचं लुगडं पायाशी घट्ट बांधून माय मागे एका अंगाने बसली. घाटात तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती आणि ती सारखं काहीतरी पुटपुटत होती. अर्धा घाट चढल्यावर पुटपुटणं थांबलं. मी घाबरून विचारलं, “माय, काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही. लय दूरचं दिसून राह्यलं इथून.”

मेहकरला बालाजीपुढे ती फार वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. मी मागे उभा होतो. नवमीला जे बोललो त्याबद्दल तिची क्षमा मागायची म्हणून मी आलो होतो, पण ते काही माझ्याने होईना. बाहेर आल्यावर मी नुसतं विचारलं, “इतकं काय सांगत होती देवाले?”

“सांगतलं,” ती म्हणाली, “पोरगं बोलते लय, पन गाडी चांगली सांभाळते.”

आसाचा एक तुकडा तिने देवघरात ठेवला आणि जिवंत असेपर्यंत त्याला रोज कुंकवाचं बोट लावलं. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. गाडी अजून आहे. दर खंडेनवमीला मी तिचे मुख्य भाग उतरवतो, राखेने घासतो, तेलात कुंकू खलतो आणि मोठ्यापासून लहानापर्यंत पाटावर मांडतो. क्रम मोडतो याचं मला आता काही वाटत नाही. मग हात धुतो आणि दिवसभर ओसरीवर बसतो. बोटं अजूनही शिवशिवतात. अशा वेळी मी डाव्या हाताने माझं उजवं मनगट धरून ठेवतो.